पित्ताची चोरी

"माझं पित्त मला परत द्या, सर. आत्ताच्या आत्ता द्या."

कॅन्टीनच्या दारात उभी राहून ती ओरडत होती, आणि आवाज असा की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उठली ती थेट माहुलीच्या सुळक्यावर जाऊन बसली असतील. मी ताकाचा तिसरा पेला तोंडाला लावलेला. पेला तिथंच राहिला. शंभर माणसं जेवत होती, शंभरही थांबली. शंभर नसतील, साठ असतील. मला आकडे फुगवायची सवय आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या सवयीचंच प्रकरण आहे.

ती पॅकिंगच्या लाइनीवरची बाई, पस्तिशीची. तीन वर्षांत तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. लाइन थांबवायची असेल तर ती शेजारणीला कोपरानं ढोसायची, शेजारीण ओरडायची. ती बाई आज सगळ्या कारखान्यासमोर माझ्याकडं बोट करून पित्त मागत होती. लोकांना वाटलं, हिला ऊन लागलं. मला मात्र बरोबर कळलं होतं ती काय मागतेय ते. तिचं पित्त मीच चोरलं होतं, आणि चोरून चार दिवस झाले होते.

आता मी कोण, तर मी त्या कारखान्यातला समावेशनवाला. कारखाना वाशिंदच्या अलीकडं की पलीकडं, तिथं काय बनतं, हे विचारू नका, सांगणार नाही. मुंबईच्या हेड ऑफिसात कुणाच्या तरी मनात आलं की आपल्या सगळ्या कारखान्यांत सगळ्यांना सामावून घ्यायला पाहिजे. बायांना, अपंगांना, पाड्यांवरून येणाऱ्यांना, परप्रांतातून आलेल्यांना, ज्या जातीचं नाव घेतलं की टेबलावर क्षणभर कुणी बोलत नाही अशा सगळ्यांना. विचार चांगला होता. त्यासाठी माणूस हवा होता, तर सापडलो मी. तोवर मी हजेरीपुस्तक सांभाळायचो आणि कारखान्यातली पूजा असो, निरोपसमारंभ असो, माइक माझ्याच हातात असायचा. मी मुरबाडकडचा, धसईचा. आमच्या बाजारात मी एकदा भोपळ्याची गोष्ट सांगायला लागलो, तर भोपळेवाला गिऱ्हाईक सोडून ऐकत बसला आणि मागच्या मागं म्हशीनं त्याचे चार भोपळे खाल्ले. दोन खाल्ले असतील. अशा माणसाला लोक मन मोकळं करून बोलतील, असं मॅडमना वाटलं. मॅडम म्हणजे आमच्या एचआरच्या प्रमुख. त्यांनी मला पुण्याला पाच दिवसांच्या शिबिराला धाडलं.

तिथून मी एक प्रमाणपत्र आणि लॅमिनेट केलेलं एक कार्ड घेऊन आलो. कार्डावर या कामाचे नियम. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. कुणाचं दुःख त्याला न विचारता वापरायचं नाही. ज्याच्यासाठी काम करतो त्यालाच आपल्या कामानं इजा होऊ द्यायची नाही. साधे नियम, माझ्या मुलीलाही पाठ झाले असते. मी ते कार्ड दाराला चिकटवलं आणि प्रत्येक बैठकीच्या आधी ते मंगलाष्टकाच्या चालीत वाचायला लागलो. वाचताना माझा मलाच आवाज आवडायचा. त्यात काय लिहिलंय हे ऐकायला मला कधी सवड झाली नाही.

बैठका एकेकाच्या, प्रथमोपचाराच्या खोलीत. एका बाजूला स्ट्रेचर, दुसऱ्या बाजूला मी. लोक यायचे, पंख्याबद्दल तक्रार करायचे, बसच्या टायमाबद्दल तक्रार करायचे आणि जायचे. ती आली सगळ्यांत शेवटी. बराच वेळ स्ट्रेचरच्या पट्ट्याशी चाळा करत बसली. मग एकदम हसली आणि म्हणाली, माझी काय तक्रार नाय, एक गंमत सांगते.

गंमत समजायला आधी पॅकिंगच्या बायांचं झाकण समजायला हवं. जेवायच्या सुट्टीत त्या बारा जणी एका लांब टेबलावर बसतात. सगळ्यांत वयानं मोठी जी, तिला सगळ्या मावशी म्हणतात, ती आपल्या डब्याचं झाकण उलटं करते, त्यात स्वतःची चमचाभर भाजी घालते आणि झाकण पुढं सरकवते. मग ते फिरतं. प्रत्येकीनं आपल्यातलं थोडं घालायचं, दुसरीचं थोडं उचलायचं. झाकण फिरून मावशीपाशी आलं की भाकरी मोडायची. त्याआधी कुणी घास घेत नाही. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं कुणाशी जुळलंय, हे झाकण बघून कळतं.

ही नवी लागली त्या दिवशी झाकण हिच्या आधीच्या बाईपर्यंत आलं आणि तिथून टेबल ओलांडून समोरच्या बाईकडं गेलं. बस. कुणी काही बोललं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. ती कुठल्या समाजाची, हे मी लिहीत नाही. झाकण कुणाला ओलांडून जातं, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"कोन काय बोललं असतं तर भांडले असते," ती मला म्हणाली. "झाकनाशी काय भांडनार?"

दुसऱ्या दिवशी तिनं काय केलं, तर मावशीनं झाकण उलटं करायच्या आतच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, की मला पित्ताचा त्रास हाय, डाक्टरनं बाहेरचं तेल बंद केलंय, मला झाकण नको. आणि टेबलावरच्या बारा जणींच्या अंगावरचं ओझं उतरलं. त्या दिवसापासून झाकण तिला ओलांडून जातं ते पित्तामुळं. तिला तसं कुठलंही पित्त नव्हतं. दगड दिला असता तर पचवला असता. पण तीन वर्षं ती रोज त्या टेबलावर बसली, गप्पांत राहिली, लेकीच्या शाळेचं बोलली, आणि कुणी तिला टाळत नव्हतं, तीच तेल टाळत होती. मावशी घरची आमसुलं आणून द्यायची. सकाळी गेटवर भेटली की पहिली चौकशी पित्ताची. "सासूनं माझी येवढी काळजी केली नाय," असं म्हणून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नंतर हसणं थांबलं तरी पाणी थांबलं नाही, पण त्याकडं आम्ही दोघांनी लक्ष दिलं नाही.

तिच्या स्वतःच्या डब्यात काय असायचं, हेही तिनं सांगितलं. त्यांच्या पाड्याच्या रानात मिळणारी एक भाजी. ती वाळवून ठेवतात आणि वर्षभर एका विशिष्ट तऱ्हेनं करतात. आख्ख्या कारखान्यात ती आणणारी ही एकटी. डब्यातली भाजी कुणी खायचं नाही, पण वास बाराही जणींच्या ओळखीचा.

उठताना तिनं विचारलं, हे कुठं जानार नाय ना. मी कार्डाकडं बोट केलं आणि म्हणालो, ताई, या खोलीतनं वाराही बाहेर जाणार नाही. त्या क्षणी मी प्रामाणिक होतो. निदान तासभर तरी होतो. हे आठवलं की जास्त लाज वाटते. खोटं बोललो असतो तर निदान माहीत तरी असतं.

त्यानंतर चारेक महिन्यांनी हेड ऑफिसातून दोन पाहुणे आले. कॅन्टीनमध्ये सगळ्या लाइनी बसवल्या. वेळ जेवणानंतरची, पोटात भात, पंख्याचा आवाज, आणि माझा प्रोजेक्टर बंद पडला. मी पाच मिनिटं समावेशनावर बोललो, तेवढ्यात पहिल्या तीन रांगा झोपल्या. पाहुण्यांपैकी एकानं मोबाइल काढला. मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. आणि मला ठाऊक होतं की माझ्या खिशात एक गोष्ट आहे, जी सांगितली तर हे सगळे ताठ बसतील.

मी ती बदलली. अगदी नियमाप्रमाणे बदलली. बाईचा पुरुष केला. पॅकिंगवरून उचलून बॉयलरवर नेला. शहापुरातून काढून गुजरातेत टाकला. तीन वर्षांची अकरा केली. वर माझं घातलं ते वेगळंच. तो गडी झाकण जवळ यायला लागलं की असा ढेकर द्यायचा की बॉयलरचा काटा हलायचा. खोट्या पित्ताचे खरे एक्स-रे काढून खिशात घेऊन फिरायचा. लोक हसून बाकांवरून पडायला आले. पाहुण्यानं मोबाइल ठेवून डोळे पुसले.

सगळं बदललं, भाजी बदलली नाही.

का नाही बदलली, याचा मी पुष्कळ विचार केलाय आणि दर वेळी नवं कारण काढलंय. खरं कारण एकच आहे. मी बोलता बोलता मनात मेथी घालून बघितली, कोबी घालून बघितला, गोष्ट फिकी पडली. माझ्यासारख्याला एक तरी खरी वस्तू लागते, तिच्यावर बाकीचा डोलारा उभा राहतो. ती भाजी खरी होती. मी तिचं नाव घेतलं, कशी वाळवतात ते सांगितलं, वास कसा येतो तेसुद्धा हातवारे करून सांगितलं. मग आवाज खाली आणला आणि त्या गड्याला पित्त का झालं होतं, ते सांगितलं.

सगळं शांत झालं. ती शांतता मी आयुष्यभर मिळवायला धडपडलेली शांतता होती. त्या शांततेत पॅकिंगच्या बाकावर मावशीनं मान वळवली. मग तिच्या शेजारणीनं. मग एकेक करत सगळी डोकी वळली, जत्रेत पाळणा सुरू झाला की वळतात तशी. ती तिसऱ्या बाकावर बसली होती. पाण्याच्या बाटलीचं बूच लावत होती. बूच कधीच घट्ट बसलं होतं, तरी ती ते फिरवत होती. मी ते बघितलं. आणि बघूनही मी गोष्ट पुरी केली, कारण शेवटचं वाक्य राहिलं होतं आणि ते चांगलं होतं.

टाळ्या पडल्या. मॅडमनी माझा हात हातात घेतला.

त्या नुसत्या खूश झाल्या असत्या तर निभावलं असतं. डोकी कुणाकडं वळली ते त्यांनीही बघितलं होतं. त्यांनी लगेच दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, सहभोजन ठेवलं. पॅकिंगच्या टेबलावर पांढरी चादर घातली, फोटो काढायला माणूस उभा केला आणि झाकण पहिल्यांदा तिच्यापुढं ठेवायला सांगितलं. बाराही जणींनी तिच्या डब्यात इतकी भाजी लोटली की भाकरी दिसेना. सगळ्यांसमोर तिनं ती खाल्ली. फोटो तीनदा काढावा लागला, कारण दोनदा तिचे डोळे मिटलेले आले. कुणी तरी म्हणालं, आता जळजळत नाय ना गो, आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो. मी तिथंच होतो, फोटोत डावीकडून दुसरा.

फोटोवाला गेल्यावर मावशी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. बाई वाईट नाही ती, आजही म्हणतो. पण ती दुखावली होती.

"तुला कदी आमी नको म्हटलं का गो?" मावशी म्हणाली. "तूच म्हनालीस पित्त हाय. तीन वर्सं माझ्या घरची आमसुलं खाल्लीस नि मनात आमाला नावं ठेवलीस."

म्हणजे बघा, शुक्रवार संपेपर्यंत टेबलावर खोटं बोलणारी एकच उरली होती, ती ही. झाकण ओलांडून नेणाऱ्या बाराजणी फसवल्या गेलेल्या. शनिवारी तिच्याशी कुणी बोललं नाही. झाकण मात्र आलं. मॅडमची सूचना होती, त्यामुळं पहिलं तिच्यापुढं आलं. प्रत्येक बाई बघत होती, ही घेते का नाही.

रविवार सुट्टीचा. सोमवारी जेवायच्या वेळी ती कॅन्टीनच्या दारात उभी राहून ओरडली, आणि मी ताकाचा पेला धरून बसलो होतो.

त्या वेळी उठून मी काय करायला पाहिजे होतं, हे कार्डावर स्पष्ट होतं. मी काय केलं, तर गोष्ट सांगायला लागलो. म्हणालो, अहो ताई, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय, ती गोष्ट तुमची कुठंय, तो गुजरातचा बॉयलरवाला, मी स्वतः भेटलोय त्याला, एवढ्या मिश्या. मिश्या हातानं दाखवल्यासुद्धा. मनाला सांगितलं की हे तिच्याचसाठी करतोय, तिची लाज झाकतोय. कुणाची झाकत होतो ते माझ्या मिश्यांनाही माहीत होतं.

तिनं मला पुरं बोलू दिलं. मग ओरडणं थांबवून अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग त्या गुजरातच्या मानसाला आमच्या रानातली भाजी कोन देतं, सर?"

साठ माणसं हसली. शंभर म्हणा, या खेपेला चालेल. ती वळून कामावर गेली. न जेवता.

संध्याकाळी मी मॅडमकडं गेलो. म्हणालो, माझ्याकडून नियम मोडलाय, तशी नोंद करा. मॅडम म्हणाल्या, तुम्ही फारच मनाला लावून घेता, परिणाम बघा ना, तीन वर्षांत जे झालं नाही ते एका दिवसात झालं, झाकण तिच्यापर्यंत पोहोचलं. वर म्हणाल्या, आपल्या मुरबाडच्या युनिटलाही हीच गोष्ट सांगायची आहे, पुढच्या आठवड्यात. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, हे शपथेवर सांगतो. ते तसंच मिटलं, हेही सांगायला पाहिजे.

गेलो मी मुरबाडला, किन्हवली-सरळगावच्या रस्त्यानं मोटरसायकलवर, वाटेत तीनदा परत फिरायचं ठरवत. या वेळी भाजीचं नाव गाळलं. गोष्ट पडली. लोक जांभया द्यायला लागले, तशी मी भाजी पुन्हा घातली. त्या युनिटमध्ये तिची चुलतबहीण कामाला आहे, हे मला टाळ्या थांबल्यावर कळलं.

त्या दिवशी परत आलो आणि दारावरचं कार्ड काढलं. चिकटपट्टी निघेना, नखानं खरवडत बसलो होतो. आणि तेव्हा ते पहिल्यांदा चाल न लावता वाचलं. कारखान्याला लिहून दिलं की मला हजेरीपुस्तकावर परत घ्या. हा काही मोठेपणा नव्हता. त्या खोलीत स्ट्रेचरसमोर बसायचं म्हटलं की घशाशी आंबट यायचं. खरंखुरं. डॉक्टरनं तेल बंद केलंय. बायकोला हे सांगितलं तर ती हसली नाही, तिनं आमसुलं भिजत घातली. मी ते पाणी प्यायलो नाही.

तिनं लाइन बदलून घेतली होती. लेबलांच्या खोलीत गेली. तिथं मशीन बंद ठेवता येत नाही, म्हणून एकेकीनं आळीपाळीनं जेवायचं असतं. हजेरी लावताना मी तिच्या नावापुढं रोज खूण करायचो आणि रोज ठरवायचो की आज बोलायचं. असे काही महिने गेले. शेवटी एका दुपारी, पाळी सुटल्यावर, शहापूरच्या एसटी स्टँडवर ती गाडीची वाट बघत उभी दिसली. हातात डब्याची पिशवी. मी जाऊन उभा राहिलो. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

माफी मागितली मी. साधी मागितली, फोडणी न देता, मुरबाडचंही सांगितलं. ते तिला आधीच माहीत होतं. मग म्हणालो, कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून चूक कबूल करतो. ती नको म्हणाली, म्हणजे पुन्यांदा तीच गोष्ट सगळ्यांनी ऐकायची, बरी शांत झालीय. मावशी कशी आहे, असं मी विचारलं. गेटवर भेटते, म्हणाली. काय बोलते, विचारलं. ती म्हणाली, काय नाय, पित्ताचं विचारायची तेवढंच होतं आमच्यात बोलायला.

गाडी लागली. लोक दाराकडं धावले. ती धावली नाही, मी अजून काहीतरी बोलणार हे तिला दिसत असावं. आणि मी बोललो. मला हे लिहून काढायचंय, म्हणालो. माझी चूक म्हणून. तुमचं नाव नाही, गाव नाही, समाज नाही, कारखाना नाही. लिहून झालं की आधी तुम्हाला वाचून दाखवीन. तुम्ही नाही म्हणालात तर एक अक्षर लिहिणार नाही. कुणाची गोष्ट सांगण्याआधी त्या माणसाला विचारण्याची माझी ती पहिली वेळ. माझं वय तेव्हा सत्तेचाळीस होतं आणि यात फुगवलेलं काही नाही.

ती पायरीवर चढली. दांडी धरून क्षणभर माझ्याकडं बघितलं.

"लिवा," ती म्हणाली. "भाजीचं नाव टाकू नका."